कॅसेट: कुणाला, कशाला आणि कुठवर

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो की काही कामांना कॅसेट अजूनही पेनड्राइव्हपेक्षा बरी. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की संपादकबाईंनी सरळ सांगितलं, या वेळचं सगळं सदर कॅसेटवरच करून टाका. टाकतो. शिव्या घालणारी पत्रं पण घेतलीयेत, फक्त जरा सभ्य करून. नावं कुणाचीच देत नाही, पेठ किंवा परिसर तेवढा देतो, पुण्यात तेवढ्यावरनं पण लोक ओळखतातच म्हणा.

प्रश्न: ऑफिसातला एक मित्र सारखा सांगत असतो की कॅसेटचा आवाज 'वॉर्म' असतो आणि डिजिटल कोरडं असतं. मला तर नुसती खरखर ऐकू येते. आवाजात कॅसेट खरंच सरस आहे का? (एक आयटीवाला, हिंजवडी)

उत्तर: आवाजात सरस? नाही हो. मुळात ही वस्तू गाण्यासाठी काढलेलीच नव्हती. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात लू ऑटेन्स नावाच्या इंजिनियरच्या टीमनं ती बनवली आणि १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली, तेव्हा डोळ्यापुढं होतं ते बरोबर नेता येईल असं, बोलणं टिपून घेणारं छोटं मशीन. ऑटेन्सनं म्हणे आधी लाकडाचा एक ठोकळा कोटाच्या खिशात घालून बघितला होता, केवढी वस्तू मावते ते कळावं म्हणून. आता एवढ्याशा डबीत बसवायचं म्हणजे फीत अरुंद पाहिजे, ती केली ३.८१ मिलिमीटर, आणि ती पळते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली स्पूलची साधी फीत सुद्धा पाव इंच रुंद आणि सेकंदाला ३८ सेंटिमीटरनं पळणारी. वर परत कॅसेटच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर स्टिरिओचे चार ट्रॅक, दोन ए बाजूचे दोन बी बाजूचे. मग खरखर नाही येणार तर काय येणार. खरखर दाबणारी डॉल्बी बी ही पद्धत आल्यावर ती दहा डेसिबलपर्यंत खाली गेली, तरी सीडीचा अगदी हळू ते अगदी जोरात असा ९६ डेसिबलचा पल्ला साध्या कॅसेटला कधी झेपला नाही. गंमत म्हणजे पुढं फिलिप्समध्ये सीडीच्या कामातही हेच ऑटेन्स होते, म्हणजे कॅसेटच्या बापानंच तिला निवृत्त केली.

पण तुमचा मित्र अगदीच थापा मारत नाहीये. फितीवर आवाज जास्त जोरात गेला की तो एकदम फाटत नाही, फितीवरचे चुंबकीय कण भरत भरत जातात आणि आवाजाची टोकं गोलसर होतात. डिजिटलमध्ये मर्यादेच्या वर गेलं की सरळ छाटलं जातं. शिवाय कॅसेटमध्ये वरच्या सुरांची धार थोडी कमी पडते. या दोन्हीचं मिळून कानाला जे लागतं त्याला लोक वॉर्म म्हणतात. म्हणजे आहे तो दोषच, पण काहींना सुखावणारा. आवडत असेल तर खुशाल ऐकावं, फक्त ऑफिसात त्याच्यावर लेक्चर देऊ नये.

मग मी कॅसेटची बाजू कशासाठी घेतोय, तर पुढचं पत्र वाचा.

प्रश्न: माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर आहेत. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा म्हणतो फोनमध्ये घेऊन टाकतो आणि कॅसेट भंगारात देऊ, घरात पसारा नको. मला धीर होत नाही. काय करू? (एक काकू, कर्वेनगर)

उत्तर: काकू, मुलाला म्हणावं घे तू फोनमध्ये, जरूर घे, पण कॅसेट कपाटातनं हलणार नाही.

कॅसेटचा सगळ्यात मोठा गुण माझ्या मते हाच की ती हळू बिघडते, आणि सांगून सवरून बिघडते. वरचे सूर जरा बोथट होतील, मध्येच आवाज क्षणभर बुडेल, गुंडाळलेल्या फितीच्या एका पदराचा आवाज शेजारच्या पदरावर उमटून ओवी सुरू व्हायच्या आधीच ती लांबनं बारीक ऐकू येईल, पण आई ऐकू येईल. फीत तुटलीच तर जोडता येते, अर्धाएक सेकंदाचं गाणं जातं, बाकी सगळं जागच्या जागी. हार्ड डिस्कचं तसं नसतं, काल चालू होती, आज टकटक वाजली, संपलं, आणि मग आतलं काढून देणारा मागेल तो आकडा. मध्यंतरी लोकांनी हौसेनं कॅसेटी घरच्या सीडीवर उतरवल्या आणि मूळ कॅसेटी देऊन टाकल्या, त्यातल्या कितीतरी सीड्या आज कॉम्प्युटर ओळखतसुद्धा नाही, कारण घरी लिहायच्या सीडीत रंगाचा एक थर असतो आणि तो ऊन, उष्णता, दमट हवा यांनी उतरतो. आणि फोनबद्दल तर बोलायलाच नको, फोन बदलला, पासवर्ड विसरला, स्टोरेज भरलं म्हणून कुणीतरी 'ही मोठी फाइल कसली आहे' म्हणत उडवली, झालं.

आता उतरवून कसं घ्यायचं ते सांगतो, मुलाला वाचायला द्या. कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे तिचे कान मोडायचे. कॅसेटच्या पाठीच्या कडेला दोन टोकांना दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात, ए बाजू आपल्याकडे आणि फीत दिसते ती कड खाली धरली की डावीकडचा तुकडा ए बाजूचा. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, म्हणजे चुकून आईच्या ओव्यांवर टीव्हीच्या बातम्या भरल्या जायची भीती गेली. (पुढं कधी परत भरायचं असेल तर त्या भोकावर सेलोटेप लावतात, हे तुम्हाला माहितीच असेल, आपण सगळ्यांनीच केलंय ते.) एका चुकीच्या क्लिकनं फाइल जाते, इथं मात्र वस्तूलाच कुलूप लावायची सोय आहे आणि तीही फुकट.

मग उजेडात धरून खिडकीतनं फीत बघा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ओल धरली असेल तर गुंडाळीच्या कडेवर पांढरट बुरशी दिसते. तशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नका, बुरशी मशीनच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तिथनं पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, अशी कॅसेट जाणकार माणसाकडेच द्या. बुरशी नसेल तर आधी दुसऱ्या एखाद्या फालतू कॅसेटवर मशीन तपासून घ्या, फीत खातंय का ते कळतं. आईची कॅसेट पहिली घालायची नाही. ठीक चाललं तर आईची कॅसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढं पळवा आणि परत मागं आणा, वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली गुंडाळी मोकळी होते.

कॅसेटमधली फितीमागची ती छोटीशी फेल्टची गादी गळून पडलेली असेल तर आवाज दबका आणि लांबनं येतो, घाबरू नका, ओव्या गेल्या नाहीत. ज्या कॅसेटीला पाच स्क्रू असतात ती उघडून आतल्या दोन्ही गुंडाळ्या उचलून दुसऱ्या चांगल्या खोक्यात ठेवता येतात. चिकटवलेलं खोकं असेल तर ते कडेनं फोडावं लागतं, ते मात्र ज्याचा हात थरथरत नाही त्यानं करावं. तुटलेली फीत जोडायला सेलोटेप वापरू नका, त्याचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि पुढचा पदर चिकटतो. फीत जोडायची वेगळी पट्टी मिळते, ती आतल्या अंगाला लावायची, म्हणजे हेडला घासते त्या बाजूला नाही.

आता खरी मेख. आवाज मुका मुका वाटला तर बहुतेक वेळा फीत खराब नसते, हेड तिरकं असतं. ज्या मशीनवर भरली त्याच्या हेडचा कोन आणि आज तुम्ही वाजवताय त्याचा कोन जुळत नाही, नाकावर चष्मा तिरका बसला की अक्षरं पुसट दिसतात तसं. हेडच्या एका बाजूला छोटा स्क्रू असतो, वाजत असताना तो बारीक पेचकसनं अगदी इकडंतिकडं फिरवायचा आणि 'स' 'श' कुठं सगळ्यात स्वच्छ येतो तिथं थांबायचं. लोक कॉम्प्युटरवर नंतर ट्रेबल वाढवत बसतात, त्यानं फक्त खरखर वाढते, जे हेडनं वाचलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठनं आणणार.

हेडफोनच्या भोकातनं नाही तर लाइन आउट असेल त्यातनं वायर काढा, कॉम्प्युटरला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावा, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. वेव्ह फाइल करा, एमपी३ नको, एमपी३ जागा वाचवायला आवाजातला भाग कायमचा टाकून देतं, आणि एकदा टाकला की गेला. सीडीच्या दर्जानं घेतलं तर मिनिटाला साधारण दहा एमबी पडतात, म्हणजे तुमची नव्वदची अख्खी कॅसेट एक जीबीच्या आतच बसते, मुलाच्या फोनमध्ये गेल्या लग्नाचे व्हिडिओ याच्या कितीतरी पट असतील. नातेवाइकांना पाठवायला मग त्याचीच एमपी३ काढा. प्रती दोन ठेवा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि एक काम तुम्हीच करू शकता, मुलगा नाही. ओव्या कुठं भरल्या, मागं कोण बोलतंय, मध्येच हसतंय कोण, हे सगळं कागदावर लिहा आणि तो कागद कॅसेटच्या डबीत घालून ठेवा.

प्रश्न: वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. हरिपाठ आणि अभंग ऐकायला ब्लूटूथ स्पीकर दिला, मोबाइल दिला, पेनड्राइव्ह लावायचा रेडिओ दिला, काहीच जमत नाही आणि चिडचिड होते. माळ्यावरचा जुना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) काढावा का, का हे मागं जाणं झालं? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर: काढा की! चिडचिड वडिलांची होतीये, मागं पुढं कसलं बघताय.

बटण दाबलं की खट्ट वाजतं आणि दाबलेलंच राहतं, नुसतं हात फिरवला तरी काय चालू आहे ते कळतं. टचस्क्रीनवर बोट कोरडं असलं तर दाबलं जात नाही आणि ओलं असलं तर नको ते दाबलं जातं. दुसरं, कॅसेट स्वतःची जागा स्वतः लक्षात ठेवते. दुपारी जेवायला उठले, बंद केली, रात्री लावली तर त्याच चरणापासून पुढं, आणि ती कॅसेट काढून बहिणीच्या घरच्या मशीनमध्ये घातली तरी तिथनंच पुढं. कुठलं अकाउंट नाही, लॉगिन नाही. पेनड्राइव्हवाले बरेचसे स्वस्त रेडिओ बंद करून लावले की पहिल्या फाइलपासून सुरू होतात, तुमच्या वडिलांना पहिला अभंग एव्हाना नको झाला असेल.

तिसरं म्हणजे साठच्या कॅसेटला अर्ध्या तासानं बाजू संपते आणि मशीन आपोआप थांबतं. वडिलांचा डोळा लागला तर घर शांत. मोबाइलवरचं ॲप काय करतं, अभंग संपला की त्याला वाटेल ते पुढचं लावतं, मध्ये कर्जाची जाहिरात, आणि पहाटे तीनला कुणाच्या तरी डीजेवर सगळं घर जागं.

मशीन मात्र माळ्यावरनं काढून तसंच लावू नका. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत सैल झालेला किंवा विरघळून डांबरासारखा झालेला असतो, तो बदलून घ्या. हेड आणि रबराचा रोलर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. सेलच्या कप्प्यात जुने सेल राहिले असतील तर पाणी सुटून पत्र्या गंजलेल्या असतात, तेही बघा. आणि प्लेच्या बटणावर एक टिकली चिकटवा, जाडशी, खड्याची असली तर उत्तमच, अंधारात बोटाला लागते. रेकॉर्डच्या बटणावर उलट काहीच नको, आणि अभंगाच्या भरून घेतलेल्या कॅसेटी असतील तर त्यांचे कान मोडलेले आहेत ना ते एकदा तपासा.

प्रश्न: मी गाणं शिकते. आमच्या बाई क्लासमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड करू देत नाहीत, पण कॅसेटवर करू देतात! मैत्रिणी हसतात. यात काही लॉजिक आहे का? (एक विद्यार्थिनी, नारायण पेठ)

उत्तर: आहे, आणि बाई हुशार आहेत. मोबाइलवर घेतलेली तालीम रात्रीपर्यंत तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेली असते आणि एका आठवड्यात बाईंचा शिकवतानाचा, खाकरतानाचा, मध्येच दूधवाल्याला हाक मारतानाचा आवाज कुणाच्या तरी चॅनेलवर. कॅसेटची नक्कल करायची तर दोन मशीनं लागतात आणि नव्वद मिनिटांना नव्वद मिनिटं बसावं लागतं, हाय स्पीड डबिंग असलं तरी निम्मा वेळ जातोच, आणि नकलेची नक्कल केली की खरखर वाढत जाते. फुकट्या माणसाला एवढी चिकाटी नसते. म्हणजे जे फीत पसरू देत नाही म्हणून आपण तिला मागास म्हणतो, तेच इथं बाईंच्या कामाचं आहे.

रियाजालाही फायदा आहे. एक तान परत ऐकायची तर फीत मागं घ्यावी लागते, तेवढ्या चारपाच सेकंदांत तू ती मनात म्हणून बघतेस, नकळत. मोबाइलवर बोटानं सरकवून झटकन मागं जाता येतं म्हणून आपण गायच्या ऐवजी सरकवतच बसतो. मशीनवर तीन आकडी काउंटर असेल तर बाजूच्या सुरुवातीला तो शून्यावर आण आणि कव्हरच्या कागदावर लिहीत जा, कुठल्या आकड्याला बंदिश, कुठं आलाप, कुठं ताना.

एक धोका मात्र ऐक. कॅसेटवर ऐकू येणाऱ्या सुराच्या पट्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नको. मशीन सहा टक्के जोरात पळालं की सगळं अर्ध्या सुरानं वर चढतं, काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, आणि सेल उतरले की उलट खाली घसरतं. म्हणून दर वेळी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला थोडा वेळ ट्यूनरचा किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा षड्ज भरून ठेव, नंतर कुठल्याही मशीनवर जुळवून घेता येतं. तेही लगेच नको. कॅसेटच्या अगदी सुरुवातीला काही सेकंद कोरी पट्टी असते, तिच्यावर काहीच भरलं जात नाही. प्ले-रेकॉर्ड दाबून मनात दहापर्यंत मोज आणि मग षड्ज दे, नाहीतर सगळ्यांच्या कॅसेटी जशा अर्ध्या शब्दापासून सुरू होतात तशीच तुझी होईल.

प्रश्न: सगळी गाणी ॲपवर आहेत. मग जुन्या विकतच्या कॅसेटी घरात ठेवण्यात काय अर्थ? दोन मोठी खोकी भरलीयेत. (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर: सगळी नाहीत हो, तिथंच फसता तुम्ही. सिनेमातली गाजलेली गाणी आहेत, मोठ्या कंपन्यांचं आहे. पण जरा ती खोकी उघडून बघा.

कॅसेटीच्या आधी तबकडी काढायची म्हणजे कारखाना लागायचा, आणि आपल्याकडे ग्रामोफोन कंपनी म्हणजे एचएमव्हीचा दबदबा एवढा होता की ते ज्याला घेतील तो कलाकार. कॅसेटनं ते मोडलं. एक खोली, काही डबिंगची मशीनं, कोऱ्या कॅसेटी आणि छापलेले कागद एवढ्यावर कंपनी उभी राहू शकत होती. गुलशन कुमारांनी १९८३ साली टी-सिरीज काढली आणि किंमत इतकी पाडली, आणि कॅसेट रेकॉर्डच्या दुकानातनं उचलून किराणा आणि पानाच्या दुकानापर्यंत नेली, की बघता बघता एचएमव्हीचा एकछत्री कारभार संपला. त्या किंमत पाडण्यात मोठ्या गायकांची गाणी दुसऱ्या स्वस्त गायकांकडनं गाऊन घ्यायचा धंदाही होता, ते काही सगळंच गोड नव्हतं, पण दार उघडलं हे खरं. त्याच दारातनं आपल्याकडचे कीर्तनकार, भजनी मंडळं, गावोगावचे शाहीर, जत्रेतली देवाची गाणी, कथाकथन सगळं आत आलं. इथं पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसनं शास्त्रीय मैफलींच्या कॅसेटी काढल्या, त्या अजून लोक जपून ठेवतात.

यातल्या कितीतरी छोट्या कंपन्या बंद पडल्या, मूळ टेप कुठं गेल्या कुणाला पत्ता नाही, हक्क कुणाकडे ते कळत नाही, त्यामुळं ते ॲपवर येणार तरी कसं. ते आहे ते तुमच्यासारख्यांच्या खोक्यात. आणि ॲपवर आज आहे ते उद्या असेल असंही नाही, कंपन्यांचे करार संपले की गाणं एका रात्रीत राखाडी होतं, पैसे तुम्ही महिन्याला भरत असलात तरी. कॅसेट एकदा घेतली की घेतली.

म्हणून खोकी तशीच भंगारवाल्याला देऊ नका. एक दुपार काढा, सिनेमाच्या कॅसेटी बाजूला करा, त्या द्यायच्या तर द्या. ज्या कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, ज्याच्या कव्हरवर कलाकाराचा फोटो पासपोर्ट साइजचा आहे आणि खाली तालुक्याचं नाव आहे, ती ठेवा.

प्रश्न: आमचा कॉलेजचा बँड आहे, आम्हाला आमची गाणी कॅसेटवर काढायचीयेत, ट्रेंड आहे. मशीन कुठलं घ्यायचं, नवीन की जुनं? आणि कोऱ्या कॅसेटी मिळतात का अजून? (दोघं मित्र, कर्वे रोड)

उत्तर: मिळतात. अमेरिकेत मिसुरीमधल्या स्प्रिंगफील्डला नॅशनल ऑडिओ कंपनी अजून कॅसेटी बनवते, फ्रान्समध्येही फीत बनते, मागवाव्या लागतील. आपल्याकडे ऑनलाइन ज्या 'नवीन' म्हणून विकतात त्या बऱ्याचशा न उघडलेला जुना माल असतात, चालतात, पण एक आधी वाजवून बघा आणि मग डझन घ्या. गाणी मोजूनच साठ किंवा नव्वदची ठरवा. एकशेवीसची फुकट मिळाली तरी घेऊ नका, तिची फीत फार पातळ असते, ताणली जाते आणि मशीनमध्ये गुंडाळली जाते.

नव्या मशीनचं म्हणाल तर बाहेरनं कितीही चकाचक असली तरी आज बनणाऱ्या जवळपास सगळ्यांत आतलं यंत्र एकाच जुन्या जपानी डिझाइनची स्वस्त नक्कल आहे, आणि डॉल्बी कुठंच नाही. ऐकायला ठीक, मास्टर म्हणजे मूळ प्रत करायला नको. त्यापेक्षा चांगल्या अवस्थेतला जुना डेक शोधा. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पण स्वतःची एक कॅसेट खिशात घेऊन जा, आणि तिच्यावर तानपुरा किंवा पियानोचा लांब सूर भरलेला असू द्या. विकणारा नेहमी ढोलकीचं गाणं लावून दाखवतो, ढोलकीत काही कळत नाही. लांब सूर डुलला की वेग धड नाही. रोलरला नख लावून बघा, रबर मऊ पाहिजे, काचेसारखा चकचकीत कडक झाला असेल तर तो फीत तिरकी ओढणार. हेडवरनं बोट फिरवा, खाच लागली तर सोडून द्या, हेड झिजलंय. पट्टा गेलेला असेल तर मात्र घाबरू नका, उलट त्याच्यावर भाव पाडा, पट्ट्यासाठी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, मापाला जुना तुकडा घेऊन जा.

आणि ट्रेंड आहे म्हणून करताय ते ठीक आहे, पण गाणी क्रमानं लावताना एक लक्षात ठेवा, कॅसेट ऐकणारा गाणी उड्या मारत ऐकत नाही. ए बाजू कुठल्या गाण्यावर संपवायची आणि उलटून बी बाजू कशानं उघडायची याच्यावर भांडा, ते भांडण कामाचं आहे.

प्रश्न: हा सगळा म्हातारचळ आहे. बोटाएवढ्या कार्डात हजारो गाणी मावत असताना पेन्सिल घालून फीत गुंडाळत कोण बसणार? जागा वाया घालवू नका. (एक स्पष्टवक्ते, सदाशिव पेठ)

उत्तर: गाणी मावण्याबद्दल वादच नाही, मावतात. मी पण रोज फोनवरच ऐकतो. तुमच्या त्या कार्डात कुणा एकाचाच असा आवाज असेल जो दुसरीकडे कुठंच नाही, तर आजच त्याची दुसरी प्रत काढून ठेवा, एवढंच माझं म्हणणं, कारण ते कार्ड गेलं तर त्यात पेन्सिल घालायला भोक नाही. बाकी तुम्ही हे सदर शेवटपर्यंत वाचलंत त्याबद्दल आभार.

प्रश्न: कॅसेटीजवळ मोबाइल ठेवला तर कॅसेट पुसली जाते का? आणि फ्रिजमध्ये ठेवल्या तर जास्त टिकतात असं कुणीतरी सांगितलं. (एक गृहिणी, धनकवडी)

उत्तर: मोबाइल शेजारी ठेवल्यानं काही होत नाही. मोठ्या स्पीकरला चिकटवून मात्र ठेवू नका, त्याचं चुंबक जोरदार असतं, आणि फ्रिजच्या दारावरची ती चुंबकाची फळं पण लांबच बरी. फ्रिजमध्ये अजिबात नको, बाहेर काढल्यावर फितीवर पाणी धरतं. कोरडं लाकडी किंवा लोखंडी कपाट, डबीत घालून उभ्या, पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि वर्षातनं एकदा सगळ्या एका बाजूनं पूर्ण वाजवून ठेवायच्या, झरझर मागं पळवून नाही. दिवाळीच्या साफसफाईला लावल्या तर काम करता करता होऊन जातं. गाडीच्या डॅशबोर्डवर एप्रिलमध्ये ठेवलेली कॅसेट वाकडी होते, ती मग कुणीच सरळ करून देऊ शकत नाही.

पुढच्या अंकात पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल. त्यावरचे प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा, आणि कृपा करून भिंतीचे फोटो पाठवताना जरा दिवा लावून काढा.